चेरीचं झाड आणि चिडलेला योसेफ

वाचन : मत्तय १:१८-२५

नाताळाचं गाणं म्हटलं की गव्हाण, तारे, गोजिरं बाळ. इंग्लंडातलं एक जुनं कॅरोल मात्र असं गोड गोड नाही. 'चेरी ट्री कॅरोल' त्याचं नाव. गायकवृंद आजही ते गंभीर चेहऱ्याने गातात, आणि गाण्यात काय चाललंय? नवराबायकोचं भांडण!

म्हातारा योसेफ आणि मरिया बागेतून चालले आहेत. मरियेला दिवस गेलेले, तिला चेरी खाव्याशा वाटतात. डोहाळेच ते. "तोडून द्या ना," अशी ती विनवते. योसेफ फणकारतो, ज्याचं मूल आहे त्यालाच सांग की! तेवढ्यात पोटातलं बाळ झाडाला हुकूम सोडतं, फांद्या मरियेच्या हाताशी वाकतात आणि योसेफाचा चेहरा पडतो.

हे बायबलात नाही बरं का. मत्तयाच्या नावावर चालवलेल्या, पण शास्त्रात न घेतलेल्या एका लॅटिन ग्रंथात मिसरच्या वाटेवर खजुराचं झाड असं वाकतं. इंग्रजांच्या पंधराव्या शतकातल्या नाटकात त्याच्या जागी चेरी आली. बेथलेहेमच्या वाटेवर चेरी कुठून, हे विचारू नये.

पण तो टोमणा? तो मला खोटा वाटत नाही. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एक शब्द नाही. वाग्दत्त वधू गरोदर, आणि मूल आपलं नाही! नियमशास्त्रात (अनुवाद २२) अशा गुन्ह्याला धोंडमार सांगितलेली. मत्तयाचा योसेफ तिची बेअब्रू न करता गुपचूप सोडायचं ठरवतो. म्हणजे मनातून संबंध तोडून झालेला होता. गाण्यातला योसेफ निदान बोलून तरी टाकतो.

आणि देवदूत काय करतो पाहा. रागावत नाही. दाविदाच्या पुत्रा म्हणून हाक मारतो आणि भिऊ नको म्हणतो. संशयाच्या तळाशी असलेली भीती त्याला दिसली.

मत्तयात एकही फांदी वाकत नाही. योसेफ उठतो आणि तिला घरी आणतो, बस्स. गावाची तोंडं बंद झाली, असं काही मत्तय लिहीत नाही.

प्रार्थना : प्रभू, आज ज्या घरात करंज्या तळणं चाललंय, पण दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, त्या घरात ये. आमेन.