खोडलेला शब्द

अमेरिकेची राज्यघटना लिहायला फिलाडेल्फियात जमलेल्या मंडळींच्या बैठकीत 8 सप्टेंबर 1787 रोजी एक नाव निघाले. ते आपल्या चांगल्या ओळखीचे आहे: वॉरन हेस्टिंग्ज. इंग्रज-मराठ्यांच्या सालबाईच्या तहाला तेव्हा पाच वर्षे झाली होती. ज्याच्या अमलात तो तह झाला, त्या माजी गव्हर्नर जनरलवर लंडनच्या पार्लमेंटने त्याच वर्षी महाभियोग ठेवला होता. एडमंड बर्कने काढलेल्या आरोपांच्या लांबलचक यादीत काशीचा राजा चेतसिंग होता, अयोध्येच्या बेगमा होत्या आणि मराठ्यांशी केलेल्या युद्धाचेही एक प्रकरण होते.

नाव घेतले व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसनने. मसुद्यात राष्ट्राध्यक्षाला पदावरून काढण्याची दोनच कारणे होती, देशद्रोह आणि लाचखोरी. मेसनचा प्रश्न सरळ होता. हेस्टिंग्जने देशद्रोह तर केलेला नाही, मग उद्या आपल्याकडे असा माणूस निघाला तर त्याला कशात धरणार? म्हणून त्याने तिसरे कारण सुचवले: गैरकारभार.

जेम्स मॅडिसनला तो शब्द पटला नाही. इतका सैल शब्द घातला, तर सिनेटची मर्जी असेपर्यंतच अध्यक्ष खुर्चीवर राहील, असे तो म्हणाला. मेसनने फार ओढून धरले नाही. 'गैरकारभार' खोडून त्याने इंग्लंडच्या पार्लमेंटच्या जुन्या दप्तरातला शब्दप्रयोग घातला, 'हाय क्राइम्स अँड मिसडिमीनर्स'. आज अमेरिकेत महाभियोगावर जो काही वाद होतो, तो शेवटी या चार शब्दांवर येतो. मला मात्र खोडलेला शब्द अधिक बोलका वाटतो.

कारण आपल्याला सवय आहे ती विश्वास-अविश्वासाच्या ठरावांची. 1999 च्या एप्रिलमध्ये वाजपेयींचे सरकार 269 विरुद्ध 270 असे एका मताने पडले. तिथे वाजपेयींनी कोणता गुन्हा केला, हे कुणी विचारले नाही आणि विचारायचे कारणही नव्हते. बहुमत गेले की सरकार गेले. मॅडिसनला नको होते ते नेमके हेच. अध्यक्ष काँग्रेसमधून, म्हणजे प्रतिनिधीगृह आणि सिनेट मिळून होणाऱ्या तिथल्या संसदेतून, निवडून येत नाही, म्हणून तो काँग्रेसच्या बहुमतावर तगूनही राहता कामा नये. कारभार वाईट असेल तर चार वर्षांनी निवडणूक आहेच. तोपर्यंत लोकांनी सोसायचे. हे आपल्या कानाला विचित्र लागते, पण त्यामागे हिशेब आहे.

मग आत घातलेल्या शब्दांचा अर्थ काय? मराठीत 'गंभीर गुन्हे व गैरवर्तन' असे लिहितात आणि तिथेच घोटाळा होतो. इथले 'हाय' हे गुन्ह्याच्या भयंकरपणापेक्षा गुन्हेगाराच्या आसनाकडे अधिक बोट दाखवते. जे पाप त्या खुर्चीवर बसल्यामुळेच करता येते, ते. अध्यक्षाने शेजाऱ्याची कोंबडी चोरली तर तो चोर झाला. पण आपल्या माणसांची चौकशी थांबवायला त्याने पोलीसयंत्रणा वापरली, तर त्यासाठी फौजदारी कायद्यातले कलम शोधत बसण्याची गरज नाही.

हा भेद 1974 साली कागदावर दिसला. वॉटरगेट प्रकरणात अध्यक्ष निक्सनविरुद्ध प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीपुढे पाच कलमे होती. न्यायात अडथळा, अधिकारांचा गैरवापर आणि समितीने मागितलेली कागदपत्रे दडवणे, ही तीन मंजूर झाली. कर बुडवल्याचे कलम 26 विरुद्ध 12 मतांनी पडले. कर बुडवणे क्षम्य होते म्हणून नव्हे. तो अधिकाराचा गैरवापर आहे, असे पुरेशा सदस्यांना वाटले नाही. त्याच मतांनी पडलेले दुसरे कलम, कंबोडियावरच्या गुप्त बॉम्बफेकीचे, मला अजून खटकते. यापेक्षा खुर्चीच्या जोरावर केलेली गोष्ट ती कोणती?

उलटे उदाहरण 1868 चे. अँड्रू जॉन्सनशी काँग्रेसचे खरे भांडण होते यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेचे आणि मुक्त झालेल्या गुलामांच्या हक्कांचे. पण ते कलमात कसे बसवायचे? काँग्रेसने आदल्याच वर्षी एक कायदा केला होता: सिनेटच्या संमतीने नेमलेल्या अधिकाऱ्याला अध्यक्षाने सिनेटला न विचारता काढू नये. हा कायदा मोडणे म्हणजे 'हाय मिसडिमीनर', असे त्यात लिहूनच ठेवले होते. सापळ्यावर नाव कोरून ठेवावे तसे. जॉन्सनने युद्धमंत्री स्टँटनला काढले आणि तिसऱ्या दिवशी प्रतिनिधीगृहाने महाभियोग मंजूर केला. सिनेटमध्ये 35 विरुद्ध 19. दोन तृतीयांशांना 36 लागत होती. वाजपेयी एका मताने गेले, जॉन्सन एका मताने राहिला. जॉन्सन वाईट अध्यक्ष होता असे माझे मत आहे, पण त्याच्यावरचे कलम पोकळ होते, हेही खरे. पुढे 1887 मध्ये काँग्रेसने तो कायदाच रद्द केला.

प्रतिनिधीगृहात साधे बहुमत पुरते, कारण ते फक्त आरोपपत्र असते. वर्तमानपत्रात 'महाभियोग मंजूर' असे वाचून अध्यक्ष गेलाच असे समजणारे पुष्कळ आहेत. खरा उंबरठा सिनेटचा, आणि दोन तृतीयांशांचा हा आकडा ज्यांनी ठरवला त्यांच्यासमोर आजच्यासारखे राजकीय पक्ष नव्हते. सिनेटर आपल्या सभागृहाचा मान राखील, असे त्यांनी धरले होते. तो आधी आपल्या पक्षाचा असेल, हे त्यांच्या हिशेबात नव्हते. 1999 मध्ये क्लिंटनविरुद्ध एकाही डेमोक्रॅट सिनेटरने मत दिले नाही. 2020 मध्ये ट्रम्पविरुद्ध मत देणारा रिपब्लिकन एकच, मिट रॉम्नी. 6 जानेवारीला ट्रम्पसमर्थकांनी कॅपिटॉलवर, म्हणजे संसदभवनावर, केलेल्या हल्ल्यानंतर 2021 मध्ये असे सात निघाले, पण 57 विरुद्ध 43 मतांनी भागले नाही. 67 हवी होती. निक्सन मात्र मतदानापर्यंत थांबलाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने द्यायला लावलेल्या त्याच्या संभाषणांच्या ध्वनिफिती बाहेर आल्यावर त्याच्याच पक्षाचे गोल्डवॉटर, स्कॉट आणि ऱ्होड्स व्हाइट हाउसमध्ये जाऊन त्याला सिनेटमधली खरी स्थिती सांगून आले. दुसऱ्या रात्री त्याने राजीनामा जाहीर केला. आजवर सिनेटने एकाही अध्यक्षाला काढलेले नाही, तरी हत्यार एकदा चालले ते असे.

मेसनकडे परत येऊ. शब्द त्याचा घेतला, पण नऊ दिवसांनी तयार घटनेवर त्याने सही केली नाही. त्याच्या अनेक हरकतींपैकी एक अध्यक्षाच्या माफीच्या अधिकारावर होती: ज्यांना अध्यक्षाने आतून फूस दिली असेल, त्यांनाच तो माफ करून मोकळा होईल. पुढल्या वर्षी जूनमध्ये व्हर्जिनियात, घटनेच्या मंजुरीसाठी भरलेल्या रिचमंडच्या अधिवेशनात, त्याने हा मुद्दा पुन्हा काढला. उत्तर द्यायला मॅडिसनच उभा राहिला. अशा माणसांशी अध्यक्षाचा संशयास्पद संबंध असेल आणि तो त्यांना पाठीशी घालील असे वाटत असेल, तर प्रतिनिधीगृह त्याच्यावर महाभियोग ठेवू शकते, असे तो म्हणाला.

20 जानेवारी 2025 रोजी, सिनेटमध्ये सुटलेले आणि पुन्हा निवडून आलेले ट्रम्प यांनी शपथ घेतली, आणि त्याच दिवशी 6 जानेवारीच्या प्रकरणातल्या सुमारे 1500 जणांना माफी दिली.