मनाची ताटी : संत मुक्ताबाईंचा बोध



तापी आणि पूर्णा या नद्यांच्या सान्निध्याने पावन झालेल्या खानदेशात कोथळी, मेहूण आणि मुक्ताईनगर ही स्थाने आदिशक्ती संत मुक्ताबाईंच्या नावाने ओळखली जातात. शके १२१९ मध्ये, म्हणजे इ. स. १२९७ साली, मुक्ताई तापीतीरी विजेच्या लखलखाटात गुप्त झाल्या, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. परंपरेनुसार तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. दरवर्षी आषाढी वारीसाठी येथून निघणारी त्यांची पालखी महिनाभराहून अधिक काळ वाटचाल करून पंढरीस पोहोचते.

दर्शनास येणारा भाविक पादत्राणे बाहेर काढतो, हातपाय धुतो आणि मगच गाभाऱ्यासमोर उभा राहतो. परंतु एक ओझे तो पुष्कळदा तसेच आत घेऊन येतो. ते ओझे म्हणजे मनातील अढी. कोणी केलेला अपमान, कोणी बोललेला कठोर शब्द, कोणाविषयी वाटणारा द्वेष किंवा मत्सर यांची ही गाठ असते. हात जोडलेले असतात, पण मन बंद असते. या बंद मनासाठीच मुक्ताईंचा बोध आहे.

ताटीचा प्रसंग

ताटी म्हणजे झोपडीचे साधे दार. विठ्ठलपंतांनी संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रम स्वीकारला, म्हणून त्यांच्या कुटुंबावर आळंदीत बहिष्कार पडला. आईवडिलांनी देहत्याग केला आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार भावंडे पोरकी झाली. संन्याशाची पोरे म्हणून त्यांना पदोपदी अवहेलना सोसावी लागली. परंपरा सांगते की, अशाच एका अपमानाने ज्ञानदेवांचे मन व्यथित झाले. ते झोपडीत गेले आणि त्यांनी आतून ताटी लावून घेतली.

ज्ञानेश्वरीसारखा ग्रंथ ज्यांच्या मुखातून प्रकटला, त्या ज्ञानदेवांनाही दार लावून घ्यावेसे वाटले. मन दुखावणे हा दोष नव्हे, हे यातून भाविकांनी ध्यानी घ्यावे. संतांचेही मन दुखावते. प्रश्न असतो तो दार किती काळ बंद राहणार हा.

त्या बंद दारापाशी धाकटी बहीण येऊन उभी राहिली. मुक्ताईंनी जी विनवणी केली, ती ‘ताटीचे अभंग’ या नावाने आजही महाराष्ट्रात गायली जाते. त्या विनवणीचे मर्म तीन गोष्टींत आहे. पहिली, मुक्ताईंनी दार तोडले नाही. त्या बाहेर थांबल्या आणि प्रेमाने हाक देत राहिल्या. दुसरी, अपमान करणाऱ्यांचे योग्य होते असे त्या कोठेही म्हणत नाहीत. तिसरी, भाऊ कोण आहे याचे त्यांनी त्याला स्मरण करून दिले. ज्याने जगाला शांतवायचे, त्याने जगावर रुसून कसे चालेल, हा त्यांचा प्रश्न होता. ज्ञानदेवांनी ताटी उघडली.

त्याच ज्ञानदेवांचे पसायदान पाहावे. त्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. दुष्टांमधील दुष्टपणा जावो, एवढेच मागणे आहे. ज्याला समाजाने इतके छळले, त्याने समाजासाठी असे मागावे, हे उघड्या मनाचेच लक्षण होय.

धुळ्याच्या कारागृहातील दार

याच खानदेशात दुसऱ्या एका बंद दाराची कथा घडली. इ. स. १९३२ मध्ये स्वातंत्र्यलढ्यातील सत्याग्रही म्हणून आचार्य विनोबा भावे धुळ्याच्या कारागृहात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक याप्रमाणे, त्यांनी सहबंद्यांसमोर गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली. अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेले साने गुरुजी तेथेच बंदिवासात होते. त्यांनी ती प्रवचने लिहून घेतली, म्हणूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज घरोघरी आहे.

विनोबांनी परकीय सत्तेचा विरोध सोडला नव्हता. तो सोडला असता तर कारागृहात येण्याचे कारणच उरले नसते. त्यांनी विरोध ठेवला, पण त्याचे विष मनात साठू दिले नाही. तेथील दार दुसऱ्याने बाहेरून लावलेले होते, तरी मन मोकळे राहिले. द्वेषाची ताटी मात्र मनुष्य स्वतःच आतून लावतो. म्हणून ती उघडणेही त्याच्याच हाती असते.

आजच्या संसारात

बांधाच्या दोन हात जमिनीवरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात. लग्नात मानपान राहिला म्हणून बहिणीचे माहेर तुटते. ज्याच्यावर राग आहे, तो आपल्या घरी सुखाने जेवतो आणि राग धरणाऱ्याला मात्र अन्न गोड लागत नाही, रात्री झोप येत नाही. हाती असलेल्या मोबाईलवर जुना अपमान पुन्हा पुन्हा वाचता येतो आणि जखम भरून येण्यास अवकाशच मिळत नाही. अढी ज्याच्याविषयी असते त्याला ती पोळत नाही. ती जेथे राहते तेच घर जाळते.

अढी सोडणे म्हणजे अन्याय मान्य करणे नव्हे. हक्काचे असेल ते न्यायाने अवश्य मागावे. जो सतत दुखावतो, त्याच्यापासून अंतरही राखावे. सोडायचे आहे ते एवढेच, की त्याचे चिंतन. ज्याचे चिंतन मनुष्य अखंड करतो, तेच त्याचे दैवत होऊन बसते. शत्रूला ते स्थान का द्यावे?

भाविकांसाठी साधना

दर्शनास उभे राहताना, ज्याच्याविषयी अढी आहे त्या एका व्यक्तीचे नाव मनात घ्यावे आणि त्याचेही भले व्हावे असे मागावे. प्रथम ते ओठांवरच राहील, तरी मागावे. दिवेलागणीस थोडा वेळ नामस्मरण करावे आणि त्या वेळात कोणाचीही निंदा करू नये, ऐकूही नये. जे दुःख पोटात साचले आहे, ते विश्वासाच्या एका माणसाजवळ बोलावे. ज्ञानदेवांनाही मुक्ताईंची हाक लागली, तर सामान्य जनांनी साह्य घेण्यात कमीपणा कसला?

मन दीर्घकाळ खिन्न राहत असेल, झोप व भूक हरपली असेल किंवा जिणे नकोसे वाटत असेल, तर नामस्मरणाबरोबर वैद्यकीय उपचारही अवश्य घ्यावेत. शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर याविषयी विनामूल्य बोलता येते. औषध घेतल्याने श्रद्धा उणी होत नाही.

आणि ज्यांचे मन आज शांत आहे, त्यांनी मुक्ताई व्हावे. घरात, शेजारी, भावकीत कोणी ताटी लावून बसला असेल, तर परतल्यावर त्याच्या दारापाशी जावे. उपदेश करू नये, दार ठोठावून घाईही करू नये. प्रेमाने हाक द्यावी आणि थांबावे. या तीर्थाचा खरा प्रसाद तोच होय.

॥ आदिशक्ती मुक्ताई की जय ॥