पहिलं सोंग गणपतीचं

पुस्तकवेडी मंडळी जमली की एक खेळ हमखास रंगतो. एकाने मुखपृष्ठ झाकून पहिलं वाक्य वाचायचं, बाकीच्यांनी पुस्तक ओळखायचं. गाजलेल्या पुस्तकात गंमत नसते. उत्तर आधीच पाठ असतं. खरी मजा कपाटाच्या तळाशी पडलेल्या, कुणी न वाचलेल्या पुस्तकांची. नाव कुणालाच सांगता येत नाही, मग तर्क लढवायचे. लेखक वाचकाला हात जोडून विनवण्या करतोय? म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचं. मावळतीच्या उजेडात घोडेस्वार? ऐतिहासिक कादंबरी, पैज लावा! नाव हुकतं, पण काळ आणि घराणं बऱ्याचदा बरोबर निघतं.

जुन्या पोथ्यांपुढे मात्र हा खेळ पहिल्याच फेरीत बंद पडतो. बहुतेकांची सुरुवात श्रीगणेशाय नमः. मग सरस्वती, मग गुरू, मग संतसज्जन. कवीचं नाव, पोथी उतरवून घेणाऱ्याचं नाव, शक, गाव असा सगळा पत्ता बहुधा शेवटच्या पानावर. ज्ञानेश्वरीचा शके 1212 सुद्धा अठराव्या अध्यायाच्या अखेरीसच सापडतो. अभंगातही नाममुद्रा शेवटच्या चरणात. वि. ल. भाव्यांनी ठाण्यात 1893 साली मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केलं, पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिलं. अशा माणसाच्या हाती शेवटची पानं गळालेली पोथी आली तर मंगलाचरण कितीही सुरेख असो, कवी कोण हे विचारायचं कुणाला? हस्तलिखितांच्या सूचीत आरंभाबरोबर शेवटही उतरवून ठेवतात, ते काही उगाच नाही.

जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात लिहिलेली पोथी हाती नसली तरी रीत तीच दिसते. इथला बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचवण्याचा उत्सव, होळी उलटल्यावर, पावसाच्या आधी, रात्रभर चालतो. आधी गणपतीचं सोंग, मग सरस्वतीचं. मोखाड्यात पाहा नाहीतर एखाद्या पाड्यावर, सुरुवात हीच. पुढे कोण येणार याचा पत्ता गणपती लागू देत नाही. तो लागतो संबळाकडे कान असला तर. सोंग अजून गर्दीपलीकडे असतं, डोक्याला फडकं गुंडाळून त्यावर कागदाच्या लगद्याचा जड मुखवटा आवळून बांधणं चाललेलं असतं, आणि इकडे वाजप बदलतं. तेवढ्यावर मातीत मांडी घालून बसलेलं एखादं पोर देवाचं नाव घेऊन मोकळं होतं. त्याला पुस्तकातलं वाक्य ऐकवून लेखक विचारा, गप्प बसेल. आपल्याला तो संबळ ऐकवला तर आपणही गप्पच बसू. मुखवट्याआड कोण आहे हेही गावाला ठाऊक असतं, कारण बरीचशी सोंगं घराण्यांकडे वाटून दिलेली, बापाकडून मुलाकडे आलेली.

हल्ली शहरातून कॅमेरे घेऊन मंडळी येतात. टेंभ्यांच्या उजेडात गणपतीचे फोटो झकास निघतात, सरस्वतीचेही. मग जेवणाची वेळ होते, घाटातल्या रस्त्याची काळजी लागते, गाड्या सुरू होतात. देवी आणि महिषासुर समोरासमोर यायला पहाट उजाडावी लागते.