हातचा

शाळेतल्या बेरजेत ‘हातचा एक’ असायचा. उत्तरात तो दिसत नसे, पण विसरला तर सगळं गणित चुके. मानेत मज्जारज्जूला इजा होऊन हातपाय लुळे पडलेल्या माणसाच्या हातावर पुनर्रचनेची शस्त्रक्रिया करावी का, हे ठरवणं मला या हातच्यासारखं वाटतं.

ही शस्त्रक्रिया नवं बळ देत नाही. शाबूत स्नायूची कंडरा सोडवून ती निकामी स्नायूच्या कंडरेला जोडायची, एवढंच. दंडातला स्नायू कोपर वाकवायला पुरेसा असेल, तर पुढच्या हातावरचा त्याचा साथीदार अंगठ्याच्या चिमटीसाठी देता येतो. मनगट उचलणाऱ्या दोन स्नायूंचा हिशेब अधिक नाजूक. मनगट वर गेलं की बोटं आपसूक मिटतात आणि या माणसांची पकड त्यावरच टिकून असते. म्हणून दोन्ही बळकट असतील तरच एक उसना घ्यायचा. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, ही म्हण इथे शब्दशः खरी आहे.

स्वीडनमधल्या योटेबोरीचे शल्यविशारद एरिक मोबेर्ग यांनी 1975 साली या विचाराला नवं वळण दिलं. कोपराखाली किती स्नायूंचं बळ पाचांपैकी निदान चार श्रेणीचं आहे, हे आज मोजतात; कारण जागा बदलताना स्नायू साधारण एक श्रेणी गमावतो. मोबेर्गनी त्याच्या जोडीला स्पर्श मोजला. अंगठ्याला स्पर्श कळत नसेल, तर त्याचं काम डोळ्यांना करावं लागतं. आणि डोळे एका वेळी एकच हात सांभाळू शकतात.

तरीही हिशेबाचा मोठा भाग त्या माणसाकडेच असतो. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत, चारही अंगं लुळी असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी सगळ्यात आधी हातांचा वापर मागितला. चालणं त्याच्या बरंच मागे राहिलं. पण ‘हात’ म्हणजे प्रत्येकाला वेगळंच हवं असतं: कुणाला घास, कुणाला पेन, कुणाला लघवीची नळी स्वतः घालण्यातला आडोसा. शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे हात बांधलेला राहतो. मोठ्या कष्टाने स्वतः जेवायला शिकलेल्याला पुन्हा दुसऱ्याने भरवायचं. भरवणारं कुणी आहे का, हेही विचारावंच लागतं. आणि सगळं पूर्ववत होईल याची जो अजून वाट पाहतो, त्याला हा सल्ला आशा सोडल्यासारखा वाटू शकतो. त्याला घाई करू नये. तो आज नाही म्हणाला, म्हणून त्याचं नाव खोडूही नये.

धान्य निवडताना खडे बाजूला काढतात. माणसांच्या बाबतीत निवडणं म्हणजे कुणाला बाजूला काढणं नव्हे. प्रत्येकाजवळ काय उरलं आहे, ते त्याच्याच शेजारी बसून मोजणं.

शस्त्रक्रियेनंतरही हात मऊ राहायला हवा, असा मोबेर्ग यांचा आग्रह होता. कारण हात दुसऱ्या माणसाच्या हातात देण्यासाठीही असतो. कोणत्याही श्रेणीत हा उपयोग मोजला जात नाही. मला तोच खरा हातचा वाटतो.