संगणक घ्यावा कोणता, आणि कोणासाठी?

दार्सैतमध्ये मे महिना आला की पुष्कळ भारतीय कुटुंबांत एकच विषय निघतो. बारावीचा निकाल लागतो, मुलगी किंवा मुलगा पुढील शिक्षणासाठी मुंबईस वा पुण्यास निघण्याच्या तयारीत असतो, आणि त्यापूर्वी त्याला संगणक घेऊन द्यावयाचा असतो. येथील भारतीय शाळेतील शिक्षण बारावीपर्यंतचेच. त्यापुढे अनेकांची वाट मायदेशाकडे वळते. कपड्यांच्या बॅगेबरोबर लॅपटॉपही मग ओघानेच आला. यात नीतीचा प्रश्न तो कोणता, असे वाचक विचारतील. रुवीला जावे, रियाल मोजावे, यंत्र घेऊन यावे! परंतु आमच्या मते हा व्यवहार दिसतो तितका साधा नाही, आणि दार्सैतपुरता तर मुळीच नाही. अशदोदला वा दिमोनाला राहणाऱ्या आईबापांनाही तो कधी ना कधी करावा लागतोच.

प्रथम हिशेबाचा भाग पाहू. जिला वाणिज्य शाखेत जावयाचे आहे तिला लिहिणे, वाचणे, जमाखर्चाचे तक्ते मांडणे एवढेच काम असते. ८ जीबी स्मृतीचे साधे यंत्र तिला पुरते. जुन्या फिरत्या चकतीऐवजी एसएसडी असावी, कारण तिच्यात हलणारा भाग नसल्याने ती जलद चालते आणि प्रवासातील धक्केही सोसते. ज्याला वास्तुशास्त्र शिकावयाचे आहे त्याला मात्र १६ जीबी तरी हवेत आणि चित्रे हाताळणारे वेगळे कार्डही हवे. शिवाय त्या विषयात वापरले जाणारे रेव्हिट विंडोजवरच चालते. तेव्हा दिमाखासाठी त्याला ॲपलचे महागडे यंत्र दिले, तर पैसे जास्त जाऊन काम अडण्याचाच संभव अधिक. कोणाचे जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल तर ते विंडोज ११ चालवू शकते का, हे आधी पाहावे. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. हमी भारतात चालते की नाही, हे दुकानदाराकडून लेखी घ्यावे. येथील प्लगचे चौकोनी पाय भारतातील भिंतीत बसत नाहीत, हेही ध्यानात असावे. २०२१ पासून येथे पाच टक्के कर आहे. ४०० रियालच्या यंत्रावर तो २० रियाल होतो. आणि १८ वर्षे पूर्ण झालेल्या प्रवाशास भारतात एक लॅपटॉप जकातीवाचून नेता येतो.

हे सारे कागदावर मांडता येते. कोष्टक नीट मांडले तर उत्तर आपोआप निघते. पण यानंतर जे उरते, त्याला कोष्टक नाही.

जोसेफ वाइझेनबाउम नावाचे संगणकशास्त्रज्ञ अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत प्राध्यापक होते. १९६६ साली त्यांनी ‘एलायझा’ नावाचा, माणसाशी संभाषण केल्याचा भास करून देणारा प्रोग्राम जगापुढे मांडला. तो केवळ वाक्ये उलटीसुलटी करून परत देत असे; तरीही लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागले, हे पाहून ते स्वतःच अस्वस्थ झाले. १९७६ साली त्यांनी ‘कंप्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन’ हे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी ठरविणे आणि निवडणे यांत भेद केला. ठरविणे हे गणिताचे काम आहे, ते यंत्रही करील. निवडणे हे विवेकाचे काम आहे, ते माणसानेच करावयाचे. हा भेद आमच्या विषयाला तंतोतंत लागू पडतो. किती जीबी हे ठरवावयाचे असते. किती द्यावे, कोणाला द्यावे आणि का द्यावे, हे निवडावयाचे असते.

परदेशात राहणाऱ्या आईबापांच्या मनात एक सल असतो. मूल आता दूर जाणार, त्याच्या आजारपणात आपण जवळ नसणार, मग निदान वस्तू तरी उत्तमातली उत्तम द्यावी! ही माया खोटी नाही. पण समजा, २०० रियालच्या यंत्राने काम भागते आणि आपण ५०० चे घेतो. मधले ३०० रियाल अभ्यासासाठी गेले नाहीत. ते आपल्या मनाच्या समाधानासाठी गेले. त्याच घरात धाकटी बहीण असेल तर तिची पाळी दोन वर्षांनी येणार आहे. नोकरी कराराची, दोन वर्षांनी ती असेल की नाही, कोण सांगू शकेल? थोरल्याला दिलेले जास्तीचे ते धाकटीच्या वाट्यातून दिले, असे होऊ नये. आणि मुलासाठी महागडे व मुलीसाठी ‘चालेल तेवढे’ असा भेद जेथे होतो, तेथे तर हिशेबही चुकतो आणि न्यायही.

यावर कोणी म्हणेल, ‘इतर मुलांपुढे आपले मूल कमी दिसेल, त्याचे काय?’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला कमीपणा खरोखरच बोचतो. म्हणूनच आम्ही काटकसरीलाही सद्‌गुणाचे शिखर मानत नाही. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याला रखडणारे यंत्र देणे ही बचत नव्हे. त्याच्या रात्री आपण त्यात खर्ची घालतो. पुरेसे म्हणजे कमीत कमी नव्हे. पुरेसे म्हणजे कामाच्या मापाचे. ते माप कोणते, हे मुलाशी बोलूनच समजते. म्हणून आम्हांस वाटते की घरातील शिल्लक मुलापुढे उघडी करावी, आकडा सांगावा, आणि त्या आकड्यात निवड त्यालाच करू द्यावी. पैसा कोठून येतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला साधे यंत्र वापरण्याची लाज वाटत नाही.

आणखी एक गोष्ट उरते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, तेव्हापासून मागेल त्याला यंत्र निबंध लिहून देऊ लागले आहे. २०० रियालच्या लॅपटॉपवरही ते मिळते आणि ५०० च्याही. म्हणजे जो धोका सर्वांत मोठा, त्याचा किमतीशी काही संबंधच नाही! समजलेले तपासून पाहण्यासाठी त्याची मदत घेणे वेगळे, आणि न समजलेले आपल्या नावाने देणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात मूल परीक्षकाला फसविते त्याहून अधिक स्वतःला फसविते. कारण जे शिकण्यासाठी आपण त्याला समुद्रापलीकडे पाठविले, तेच ते दुसऱ्याकडून करवून घेते. ही रेषा ओढणारे बटण कोणत्याही यंत्रावर नसते.

तात्पर्य, दुकानात जाण्यापूर्वी एक संध्याकाळ सर्वांनी एकत्र बसावे. काय शिकणार, त्याला काय लागेल, घरात किती आहे, धाकट्यांसाठी किती ठेवावे आणि कोणते काम यंत्राला सांगावयाचे नाही, हे पाच प्रश्न मुलासमक्ष बोलावेत. मग यंत्र कोणतेही येवो. लॅपटॉप चार-पाच वर्षांत जुना होईल. त्या संध्याकाळी झालेले बोलणे मात्र मुलाला पुढेही उपयोगी पडेल.