तिथी ठरलेला अतिथी

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, अशी या शब्दाची पारंपरिक फोड. बेंगळुरूपासून सुमारे २५० किलोमीटरवर, कोडगूच्या डोंगरांत, कॉफीच्या मळ्यांतली एकाकी घरे आज शहरी पाहुण्यांसाठी उघडली आहेत. तेथे येणाऱ्याची तिथीही ठरलेली असते आणि दरही. मग हे आतिथ्य की निव्वळ व्यापार? २००१च्या सुमारास जगभर कॉफीचे भाव कोसळले. अशा काळात पाहुण्यांच्या पैशावर घर तगत असेल, तर त्यात लाज नाही. कसोटी निराळी आहे. ऑगस्ट २०१८मध्ये कोडगूत दरडी कोसळल्या, रस्ते तुटले. तशा रात्री दार ठोठावणाऱ्यास यजमान दर सांगेल काय? सांगणार नसेल, तर विकली गेली ती केवळ खोली. आतिथ्य अजून त्याच्यापाशीच आहे.