गाणे कोणाच्या मालकीचे?

‘हम होंगे कामयाब’ आमच्या प्रार्थनेत रोज म्हटले जाते. त्याचे मूळ इंग्रजी गीत १९४५-४६ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स्टनच्या तंबाखू-कारखान्यातील संपकरी कृष्णवर्णीय स्त्रिया गात. पुढे साठच्या दशकात लोकगीतकार पीट सीगर व इतर तिघांच्या नावे त्याचा स्वामित्वहक्क नोंदविला गेला. त्याचे उत्पन्न त्यांनी घरी नेले नाही. कृष्णवर्णीयांच्या कार्यासाठीच्या निधीत घातले. कोणा व्यापाऱ्याने गाणे बळकावू नये म्हणून कुंपण घालणे मला पटते. सीगर यांच्या सचोटीविषयीही शंका नाही. पण कुंपण ते कुंपणच! त्या कामकरी बायकांची नावे कागदावर आलीच नाहीत. २०१८ मध्ये न्यायालयीन तडजोडीनंतर गाणे सर्वांना खुले झाले. आपल्याकडेही ओव्यांच्या पुस्तकावर संग्राहकाचे नाव ठळक असते. जात्यावर बसलेलीचे शोधावे लागते.